घडीमामा आणि अडकणारे कागद

घडीमामांच्या हाताखालून आयुष्यभरात किती शर्ट गेले असतील, देव जाणे. पण सुरकुती घेऊन एकही गेला नाही, हे गल्लीतला कुणीही छातीठोकपणे सांगायचा. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर आणि टेबलामागे उभे घडीमामा. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक गप्पा मारायला थांबायचं, मामा "हं, हं" करत ऐकायचे आणि हात आपला चालूच. खरं नाव फक्त कागदोपत्री. शर्टाची घडी अशी घालायचे की घरी नेऊन ती मोडायचं लोकांच्या जिवावर यायचं, म्हणून ते घडीमामा.

या माणसाचे दोन हट्ट होते. पहिला, चुरगळलेली वस्तू टाकून द्यायची नाही. "चुरगळलंय ना? फाटलं तर नाही?" एवढं विचारून ते इस्त्री हातात घ्यायचे. कापडच हवं असंही नाही. एकदा एका मास्तरांचं भिजलेलं पुस्तक त्यांनी पान न् पान इस्त्री करून दिलं. पुस्तक पहिल्यापेक्षा जाड झालं, पण मास्तर खूश झाले. दुसरा हट्ट खुणेचा. टेबलावर आलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला, शिवणीजवळ, पेन्सिलीची एक बारीक खूण व्हायचीच: कुणाची फुली, कुणाचा ठिपका, कुणाची वेलांटी. त्यामुळे याचा शर्ट त्याच्या घरी असं कधी झालं नाही. ही खूण करताना त्यांचं लक्षही नसायचं. कानामागची पेन्सिल हातात यायची, खूण व्हायची आणि पेन्सिल परत कानामागे जायची.

पुढे गुडघ्यांनी संप पुकारला आणि दुकान बंद झालं. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो महिन्यातले मोजके दिवस घरी. सून कपड्यांच्या कारखान्यात कटिंग खात्यात होती. सकाळी अंधारात तिची बस यायची आणि संध्याकाळी अंधारातच तिला परत सोडायची. दिवसभर घरात मामा आणि घड्याळ. घड्याळाशी किती बोलणार? ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकल्या, त्याला शांतता खायला उठायची.

म्हणून सुनेने कारखाना सोडून घरीच काम सुरू केलं, तेव्हा घडीमामांना जो आनंद झाला तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण त्यांची भूक वाढली. सून कॉम्प्युटरवर कपड्यांचे कागदी साचे काढायची. शिवणाऱ्या बायका त्याला पॅटर्न म्हणतात. एका फ्रॉकचे बरेच कागद प्रिंटरमधून निघायचे, ते कडेला कापून एकमेकांना चिकटवायचे, की पूर्ण मापाचा साचा तयार. कापडावर ठेवा आणि कापा. मध्येच ती हाक मारायची, "बाबा, ही कॉलर अशी बसेल का हो?" बाबा लगबगीने जायचे, मान तिरकी करून बघायचे आणि "बसेल, पण इस्त्रीवाला शिव्या देईल," असं काहीतरी सांगायचे. घर बोलायला लागलं होतं.

एकच गोष्ट मामांना सलायची. एकदा कपडे इस्त्री करताना खिडकीखाली दोन मांजरं भांडायला लागली. मामा बघायला गेले आणि बघतच राहिले, कारण त्यांच्या कुतूहलाचं पोट लहानपणापासून कधी भरतच नसे. इकडे इस्त्री टेबलावर पालथी. टेबलाला काळा डाग पडला, घरभर धूर झाला. सून काही ओरडली नाही. तिने फक्त इस्त्री उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, आता हिला हात लावायचा नाही. मी बाहेर असते, माझा जीव टांगणीला लागतो." मामांनी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

तर असा सगळा संसार रांगेला लागलेला असताना प्रिंटर बिघडला. बिघडला म्हणजे तरी काय, कागद अडकायला लागला. मागच्या बाजूला उभे केलेले कोरे कागद एकेक करून आत ओढायचे, शाईने रेघोट्या मारायच्या आणि पुढून बाहेर टाकायचे, एवढंच त्या यंत्राचं काम. पण ते कागद अर्धा गिळायचं, घुसमटल्यासारखा आवाज करायचं आणि लाल दिवा लुकलुकवत गप्प बसायचं. मग सुनेने झाकण उघडायचं, कागद दोन्ही हातांनी हळूहळू बाहेर ओढायचा, आणि तो यायचा जत्रेतल्या पंख्यासारखा चुण्या पडून.

पहिला कागद का अडकला, ते आजतागायत कुणाला माहीत नाही. यंत्रं कधीमधी अडतात, माणसंही अडतात. पण एकाचे दोन झाले, दोनाचे चार, आणि काही दिवसांतच अशी पाळी आली की एक फ्रॉक पुरता छापून झाला तर सून टाळी वाजवायची.

दुरुस्तीवाला आला. त्याने यंत्र पालथं केलं, पोटात बॅटरी मारून पाहिलं, रबरी रोलर ओल्या फडक्याने पुसले. मग स्वतःच्या बॅगेतून कागद काढून लावले. एकामागोमाग एक, सगळे सरळ निघाले.

"ताई, मशीन ठणठणीत आहे. तुमच्या कागदातच खोट दिसतेय."

"अहो, चांगल्या दुकानातला चांगल्यातला कागद आहे."

"मग हवा दमट असेल. कागद ओल धरतो."

घडीमामा इतका वेळ त्याच्या खांद्यावरून डोकावत होते. त्यांना राहवलं नाही. "हवा काय फक्त आमच्याच कागदाला लागते? तुमचाही याच हवेतून आला ना?"

"काका, माझी बॅग बंद होती."

दुरुस्तीवाला गेला. सुनेने कागद ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणला, प्रिंटर खिडकीपासून लांब सरकवला, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून टेबल समतल केलं. नवा गठ्ठा फोडला. तो दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

आता मामांचं कुतूहल चाळवलं. दुकानात कधी न बसलेला हा माणूस खुर्ची ओढून प्रिंटरसमोर तासन् तास बसायला लागला. कान देऊन आवाज ऐकायचे, मान वाकडी करून फटीतून बघायचे. त्यांना बऱ्याच गोष्टी दिसल्या. कागद मध्येच कधी अडकत नाही, अडकतो तो आत शिरतानाच. अडकणारा कागद सरळ जात नाही, एक खांदा पुढे काढून जातो, गर्दीत घुसणाऱ्या माणसासारखा. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे नवा गठ्ठा फोडला की यंत्र शहाण्यासारखं वागतं आणि हळूहळू बिथरतं.

"नव्याचे नऊ दिवस," सून वैतागून म्हणाली.

"पण नव्याचे का? यंत्राला काय कळतं नवं कुठलं आणि जुनं कुठलं?" हा प्रश्न मामांना जेवतानाही सोडेना. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात एकाच माणसाला माहीत होती आणि तोच माणूस दिवसभर प्रिंटरसमोर बसून कारण शोधत होता. अडकून निघालेले कागद सून चुरगळून टोपलीत टाकायची. पांढरेशुभ्र, कोरे, शाईचा थेंब न लागलेले कागद! घडीमामांना ते बघवायचं नाही. फाटलेत का? नाही. मग? सून सामान आणायला किंवा पॅटर्न पोचवायला बाहेर पडली की मामा कपाटाला स्टूल लावायचे, इस्त्री खाली काढायचे, टेबलावर चादर दुमडून घालायचे आणि एकेक कागद कोमट इस्त्रीखाली घ्यायचे. आधी पालथा, मग सुलटा, कडेकडेने, कोपऱ्यातून आत. चुण्या विरघळताना बघून त्यांचे डोळे लकाकायचे. काम झालं की प्लग काढायचे, इस्त्री गार होईपर्यंत तिच्यापासून हलायचे नाहीत. खिडकीखाली मांजरं सोडा, वाघ भांडले असते तरी त्यांनी पाहिलं नसतं. मग इस्त्री परत कपाटावर आणि कागद गठ्ठ्याच्या मधोमध. टोपली ते स्वतःच रिकामी करायचे, त्यामुळे सुनेला काही कळायचं कारण नव्हतं. सुनेचे कागद वाचवल्याचं समाधान होतंच, पण खरं सांगायचं तर तेवढा वेळ ते पुन्हा घडीमामा असायचे.

वाचणाऱ्याला एव्हाना कारण कळलं असेल. मामांना कळलं नव्हतं, आणि त्यांना हसू नका. जो उपाय आपण आयुष्यभर केला तोच रोग असेल, हे कुणाच्या डोक्यात येतं?

इकडे प्रकरण निकरावर आलं. शिवणवर्गाच्या बाईंना नव्या वर्गासाठी पॅटर्नचे बरेच संच हवे होते. त्यांनी आधी घेतलेल्या संचात एक कागद तिरका छापला गेला होता, त्यामुळे बाहीची रेघ खांद्याला भेटत नव्हती. "पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल," त्या म्हणाल्या. त्याच सुमाराला कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन आला. कटिंग खात्यातली जागा रिकामी होती. सुनेने सोमवारपर्यंत सांगते म्हटलं. फोन ठेवल्यावर ती मामांकडे न बघता म्हणाली, "प्रिंटर असाच राहिला तर जावं लागेल, बाबा."

पुन्हा ते घड्याळ. पुन्हा दिवे लागेपर्यंत दाराकडे बघणं. त्यांनी खुर्ची प्रिंटरच्या आणखी जवळ ओढली.

शनिवारी दुपारी कागद अडकला, तेव्हा सुनेने नेहमीसारखा तो सावकाश ओढला नाही. हिसका दिला. टर्रकन फाटला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. मामांनी जमिनीवरचा अर्धा कागद उचलला. फाटला होता, म्हणजे आता काही करता येणार नव्हतं. सवयीने उलटून पाहिला, आणि त्यांची नजर कोपऱ्यावर थांबली. तिथे पेन्सिलीची एक बारीक वेलांटी होती.

ही कुणी काढली? मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला. विचार करताना त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला, बोटांना पेन्सिल लागली, आणि ते जागच्या जागी थिजले.

टोपली त्यांनी जमिनीवर उपडी केली. सकाळपासून अडकलेले सगळे कागद उलगडले. वेलांटी, वेलांटी, वेलांटी. टेबलावर आलेली वस्तू खुणेशिवाय खाली उतरायची नाही. हात आपलं काम करून गेला होता, मालकाला न विचारता. कडा कापताना कोपरे जायचे म्हणून सुनेच्या लक्षात आलं नव्हतं. एका कागदावर तर दोन वेलांट्या होत्या. म्हणजे तो अडकला, इस्त्री झाला, पुन्हा अडकला, पुन्हा इस्त्री झाला आणि तिसऱ्यांदा आज सकाळी अडकला. बिचारा किती वेळा फासावर गेला!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मामा खुर्चीत बसले आणि गठ्ठ्यातून वेलांटीचा एक कागद शोधून खिडकीच्या उजेडात आडवा धरला. वरून बघता काही नव्हतं, अगदी कोरा करकरीत. पण डोळ्यांच्या पातळीला आणून पाहिलं तर एक कड केसभर वर उचललेली. दुसऱ्या कोपऱ्यात तशीच उलटी. सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता. त्यांनी माणसांच्या डोळ्यांना फसवलं होतं, रबराच्या रोलरला फसवता आलं नव्हतं. आणि अशा परिस्थितीतही त्यांना वाटलं, काय गंमत आहे ही! मग स्वयंपाकघरातला नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि गंमत संपली.

सून जरा आडवी झाली, तेव्हा त्यांनी गठ्ठ्यातले वेलांटीचे सगळे कागद वेचून काढले आणि स्वतःच्या गादीखाली सारले. झालं! आता प्रिंटर चालेल, सून घरी राहील, कुणाला काही सांगायला नको. मांजर डोळे मिटून दूध पितं, तेव्हा त्यालाही असंच हुशार वाटत असणार.

रविवारी सकाळी प्रिंटर खरंच चालला. कागदामागून कागद, न कुरकुरता. मामा शेजारी उभे राहून प्रत्येक कागदाला मनातल्या मनात शाबासकी देत होते.

"बघ! सुधारला की नाही?"

सून हसली नाही. ती चिकटवलेला पॅटर्न हातांनी सपाट करत होती. "आज चाललाय, बाबा. नव्या गठ्ठ्यालाही पहिल्या दिवशी चालतोच. उद्या पुन्हा अडकला तर?"

"नाही अडकणार."

"कशावरून? का अडकत होता तेच कळलं नाही. कारण कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. बाईंना शब्द देऊ कशाच्या जोरावर? त्यांचा वर्ग सुरू व्हायचा आणि मी लाल दिव्याकडे बघत बसायची?" तिने कात्री खाली ठेवली. "उद्या कारखान्यात हो म्हणून सांगते. तुमच्या जेवणाचं करून ठेवत जाईन मी."

मामा आपल्या खोलीत येऊन गादीच्या कडेवर बसले. सांगितलं, तर इस्त्री कायमची गेली. इस्त्रीच नाही, विश्वासही गेला; मान हलवून दिलेला शब्द मोडणारा म्हातारा म्हणूनच ती यापुढे आपल्याकडे बघणार. नाही सांगितलं, तर उद्यापासून घर मुकं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. सून गेली तर आपलं कसं होणार, याचाच विचार आपण केला. ती पहाटे उठून बसला लोंबकळणार, याचा नाही.

त्यांनी गादी उचलली.

"हे घे," कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवत ते म्हणाले.

"काय आहे?"

"कारण."

तिने वरचा कागद घेतला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "कोरा आहे."

"चुरगळलेला आहे."

"कुठे चुरगळलाय?"

या प्रश्नाने घडीमामांना आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाज वाटली. मग त्यांनी सगळं सांगितलं. टोपली, चादर, कोमट इस्त्री, कोपऱ्यातली वेलांटी. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या काळ्या डागाकडे बघत होते.

सुनेने वेलांटीचा एक कागद प्रिंटरच्या मागे लावला आणि बटण दाबलं. कागद एक खांदा पुढे काढून आत शिरला, घरघर झाली, लाल दिवा. तो ओढून काढला. नव्या गठ्ठ्यातला लावला. सुळकन बाहेर. पुन्हा वेलांटीचा. लाल दिवा. "अगंबाई!" ती म्हणाली. तिसऱ्या खेपेला दोघंही यंत्रावर ओणवे झाले होते, डोक्याला डोकं लागेल इतके.

"आत्ता बघ, डावीकडून उचलेल."

"नाही बाबा, उजवीकडून."

डावीकडून उचलला. मामांनी विजयाने तिच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तिचा चेहरा बदलला.

"थांबा. इस्त्री तर कपाटावर असते."

"हो."

"मग खाली कशी काढत होता?"

"स्टूल आहे ना."

"स्टुलावर चढत होता तुम्ही? त्या गुडघ्यांनी? घरात कुणी नसताना?" तिचा आवाज चढला. "तोल गेला असता तर? कुणाला हाक मारली असती? मी तिकडे बाजारात, तुमचा मुलगा कुठल्या रस्त्यावर, आणि तुम्ही इथे जमिनीवर पडलेले! दोन दमड्यांच्या कागदासाठी?" तिने तोंड फिरवलं आणि उगाचच पॅटर्नच्या कडा कापायला लागली. आधीच कापलेल्या.

मामांनी टेबल जळल्याचं ऐकायची तयारी केली होती, शब्द मोडल्याचं ऐकायची केली होती. हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांच्यासाठी कुणी इतकं घाबरलं होतं, त्याला फार वर्षं झाली होती. "चुकलं माझं," ते कसेबसे म्हणाले.

सोमवारी सकाळी सुपरवायझरचा फोन आला. मशीनच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्याचा आवाज असा की फोन कानापासून लांब धरला तरी घरभर ऐकू यायचा.

"मग? कधीपासून येताय?"

"नाही येत. मला घरी काम आहे, मोठं काम घेतलंय."

"अहो, पण तुमचं ते मशीन बिघडलंय म्हणाला होतात ना? काय निघालं?"

मामा दारात उभे होते. आता ही गोष्ट कटिंग खात्यात जाणार, मग सगळ्या कारखान्यात, मग बाजारात: म्हाताऱ्याने प्रिंटरच्या कागदाला इस्त्री केली म्हणे! त्यांनी मान खाली घातली.

"मशीन चांगलं आहे," सून म्हणाली. "कागद खराब होता."

तिने फोन ठेवला. मामांनी मान वर केली. सून मात्र त्यांच्याकडे न बघता प्रिंटरमध्ये कागद भरत होती.

"इस्त्री खालच्या फळीवर ठेवलीय," ती म्हणाली. "मी घरात असताना काय करायचं ते करा. पण कागदाला लावलीत, तर गाठ माझ्याशी आहे."